चोवीस किलोमीटर डांबर, सात किलोमीटर माती

टायर कसे निवडावेत हे मला विचारा! म्हणजे चार महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. तेव्हा मी कुणी न विचारताही सांगत होतो. विमा कंपनीत मी अपघाताचे दावे तपासतो. 'गाडी आपोआप झाडावर गेली' असं कुणी लिहून दिलं, की ती गेली की घातली हे मी त्याच्या सहीवरून ओळखतो. अशा माणसाला चार टायर निवडणं म्हणजे हातचा मळ!

गाडी आमची जुनी, चौकोनी, फोर बाय फोर. कागदोपत्री माझी, प्रत्यक्षात बायकोची. बायको जनावरांची डॉक्टर आहे. आठवड्यातून तीनदा ती टेकडीमागच्या गोठ्यांवर जाते. चोवीस किलोमीटर डांबरी रस्ता आणि खाणीपासून पुढे सात किलोमीटर नुसती माती, दगड आणि चिखल. जुने टायर झिजून माझ्या टकलासारखे तुळतुळीत झाले होते. एका अडलेल्या गाईकडे जाताना बाईसाहेब खाणीपाशी तासभर रुतल्या. गाय सुटली, वासरू वाचलं, पण बायको घरी आली ती भुवयांपर्यंत माखून.

"या आठवड्यात टायर," ती म्हणाली. "नाहीतर ढकलायला तू ये."

आणि आमच्याकडे राहतात सासरे. रस्ते खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ते चोवीस किलोमीटर त्यांनी बांधले. बायको त्यांचं एकुलतं एक अपत्य असं लोक समजतात, पण ते खरं नाही. थोरला रस्ता, बायको धाकटी!

मी चाळीस पानी वही भरून अभ्यास केला आणि जेवणाच्या टेबलावर ती उघडली.

"टायर तीन जातींचे," मी सुरुवात केली. "हायवेचे टायर डांबरावर शांत, चिखलात कुचकामी. मड टायरला रबराच्या मोठ्या गोट्या, खोल खाचा. चिखलात वाघ, पण डांबरावर भुंग्यासारखे घोंघावतात आणि लवकर झिजतात. मधले ते ऑल-टेरेन. दोन्हीकडे चालतात."

"मग मधले घे. अजून वाढू?"

"एवढं सोपं नसतं गं! मधल्यांतही सौम्य असतात, उग्र असतात. आधी रस्त्याचं प्रमाण काढावं लागतं!"

"काढलं. चोवीस डांबर, सात माती. सौम्य घे," बायकोनं माझ्या चाळीस पानांचा निकाल लावला.

"माझ्या रस्त्याला सायकलचे टायर लावलेत तरी चालतील, जावईबापू!" सासरे म्हणाले.

"पण बाबा, पुढची माती?"

"ती माझी नव्हे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. टायरवाला आडव्या बांध्याचा, शांत माणूस. त्यानं वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"किती डांबर, किती माती?" त्यानं एवढंच विचारलं.

मी खरं सांगणार होतो. शप्पथ! पण तेवढ्यात माझी नजर भिंतीकडे गेली. तिथं उग्रातला उग्र टायर लटकत होता. गोट्या मुठीएवढ्या, कडेलाही फुगवटे, पैलवानाच्या दंडावर असतात तसे. माझ्या स्वतःच्या दंडावर तसं काही आजवर उगवलेलं नाही. निदान गाडीला तरी असावं!

"सत्तर टक्के माती!" मी ठोकून दिलं.

"कुठला रस्ता म्हणायचा?"

मी सांगितला.

"अहो, तो तर झकास डांबरी आहे! माझी बहीण तिकडेच दिलीय." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या टायरकडे पाहिलं. असे पुरुष त्यानं बरेच पाहिले असावेत. "कानाला त्रास होईल, साहेब."

"कान माझे आहेत!"

"गाडीत एकटेच बसणार का?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. तासाभरात चारही टायर चढले. गाडी वीतभर उंच झाल्यासारखी वाटत होती, आणि मीही.

"सौम्यच घेतले," घरी आल्यावर मी जाहीर केलं. बायकोनं टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता आत गेली. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तरी बायकोच्या गप्प बसण्याला घाबरायला शिकायला हवं होतं.

रविवारी सासऱ्यांना घेऊन फेरफटक्याला निघालो. गल्लीत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागलो, काटा चाळीसच्या पुढे गेला आणि गाडीच्या पोटातून सुरू झालं... घूंऽऽऽऽ! साठला तर दातांत कंप जाणवू लागला. सासरे बोलता बोलता मध्येच थांबले.

"हा कसला आवाज?"

"कसला आवाज?" मी विचारलं. पण हे विचारण्यासाठीसुद्धा मला ओरडावं लागलं.

"हा! घूं घूं!"

आता काय सांगू? सौम्य टायर घूं करत नाहीत. इंजिनावर ढकलावं, तर ते आत्ताच गॅरेजमध्ये चला म्हणाले असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "रस्ता, बाबा! रस्ताच खराब झालाय. वरचा थर गेला असणार!"

सासरे घरी येईपर्यंत काचेतून खाली रस्त्याकडे बघत राहिले. चहासुद्धा घेतला नाही. कपाटातून जुने नकाशे काढले आणि गच्चीत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला तुझं आयुष्यभराचं काम बिघडलं म्हणून सांगायचं, आणि तेही माझ्या दंडाच्या हौसेपायी! सकाळी उठल्या उठल्या खरं सांगायचं असं मी ठरवलं.

सकाळी माझ्या आधी सासरे उठले होते. टेबलावर टाइप केलेला अर्ज तयार होता. विषय: सदर रस्त्यावर वाहनास येणारा असह्य आवाज. खाली माझं नाव.

"सही करा."

"बाबा, मी काय म्हणत होतो..."

"आवाज ऐकलात ना?"

"ऐकला."

"रस्त्याचाच होता ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं.

कबुली द्यायला याहून चांगली वेळ नव्हती. "रस्त्याचाच," मी म्हणालो आणि सही केली.

मला वाटलं, सरकारी काम, सहा महिने थांब. कसलं काय! आठव्या दिवशी तिघं अधिकारी दारात हजर. त्यातले मुख्य साहेब एके काळी सासऱ्यांच्या हाताखाली होते. आज सगळं खातं त्यांच्या हाताखाली आहे, पण सासरे दिसताच त्यांनी आधी शर्ट नीट खोचला. तिघं आपल्या गाडीतून रस्ता फिरून आले.

"सर, आवाज काही येत नाही. रस्ता लोण्यासारखा आहे."

मी सुटलो किंवा मेलो, दोन्हीपैकी काय ते कळेना.

"खात्याची गाडी ती!" सासरे कडाडले. "तिचाच खडखडाट एवढा की शेजारी डोंगर कोसळला तरी कळायचा नाही! तक्रारदाराच्या गाडीत बसा!"

तिघं मागे बसले. मी गाडी पन्नासवर नेली. घूंऽऽऽऽ! एकानं खाली वाकून गाडीच्या तळाला कान लावला, दुसरा वहीत आकडे लिहू लागला.

"गंभीर आहे," मुख्य साहेब म्हणाले. "खोदून बघावं लागेल."

"पहिला खड्डा अकराव्या किलोमीटरच्या मोरीवर घ्या," सासरे म्हणाले. "तिथं आवाज जास्त होता."

मला तर तो सगळीकडे सारखाच वाटला होता. पण मी कोण बोलणार!

संध्याकाळी मी बायकोपुढे सगळं ओकून टाकलं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "गाईच्या पोटाला कान लावून आत काय चाललंय ते सांगते मी. चार टायर कळणार नाहीत?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती दिवस टिकतोस ते बघत होते. आता मात्र पुरे! उद्या जा आणि बाबांना खरं सांग. अरे, तिकडे माणसं चांगला रस्ता उकरायला निघालीत!"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मोरीवर पोचलो. मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची वाट. तिथं ही गर्दी! खड्ड्याच्या कडेला सासरे उभे होते.

"बाबा, मला एक सांगायचंय."

"आधी आत बघा."

मी वाकून पाहिलं. वर जेमतेम हातभर डांबर आणि खडी, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं! पाण्यानं आतल्या आत भराव वाहून नेला होता. एखादी म्हैस आरामात बसेल एवढी पोकळी झाली होती. वरून मात्र साधी भेगसुद्धा नाही!

"पुढचा पावसाळा निघाला नसता," मुख्य साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले.

आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन सहा वेळा बायको याच पोकळीवरून जात होती. मला तिथंच मटकन खाली बसावंसं वाटलं. पण बसू देतात कुठे! मुख्य साहेबांनी माझा हात हातात घेतला.

"आपण तक्रार केलीत म्हणून! नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. असे कान हवेत माणसाला!"

आता मी काय कबूल करणार?

रस्ता सहा आठवडे बंद राहिला. वाहतूक शेतांमधल्या चिखलवाटेनं वळवली. त्या सहा आठवड्यांत माझे टायर काय शोभले म्हणता! इतरांच्या गाड्या रुतायच्या आणि आमची त्यांना दोर लावून बाहेर काढायची. बायकोनं माझं चक्क कौतुक केलं, एकदा.

शेवटी रस्ता झाला. काळाभोर, आरशासारखा. पहिल्या चाचणीचा मान अर्थातच तक्रारदाराच्या गाडीला! शेजारी सासरे, मागे मुख्य साहेब. तीस. चाळीस. पन्नास.

घूंऽऽऽऽ!

आरशात मुख्य साहेबांचा चेहरा दिसला. माणूस बसल्या जागी म्हातारा झाला होता.

"सर, हा तर तोच आवाज! म्हणजे पुन्हा उखडायचा?"

आता मात्र राहवेना. मी गाडी कडेला घेतली. "साहेब, मला एक कबूल करायचंय. हा आवाज आहे ना, तो..."

माझ्या मांडीला असा चिमटा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"...नव्या डांबराचा आहे," सासऱ्यांनी माझं वाक्य पुरं केलं. "नवं डांबर सुरुवातीला बोलतं. दोन महिने चालायचंच. विसरलात एवढ्यात?"

"नाही सर! कसं विसरेन!" असं म्हणून मुख्य साहेबांनी ते डायरीत लिहूनसुद्धा घेतलं.

त्यांना कचेरीपाशी सोडलं. मग मी मांडी चोळत विचारलं, "बाबा, नवं डांबर बोलतं?"

"डांबर कधी बोलतं का? वेडे की काय तुम्ही!"

"म्हणजे तुम्हाला टायरचं..."

"पस्तीस वर्षं रस्त्यावर काढली मी. टायरचा आवाज ओळखणार नाही? पहिल्या वळणावरच ओळखला. ती मोरी आतून खातेय, असं मी सहा वर्षं लिहीत होतो. अकरा पत्रं! वरून काही दिसेना, म्हणून उत्तर यायचं, 'नोंद घेतली'. म्हाताऱ्याला घरी बसून उद्योग नाही म्हणत असतील. पण वाहनचालकाची सहीनिशी तक्रार आली की पाहणी करावीच लागते. तो नियमच आहे. माझी पोर आठवड्यातून तीनदा त्या मोरीवरून जात होती हो. मला झोप लागत नव्हती. आणि एक दिवस तुम्ही हे घोंघावणारे टायर घेऊन आलात."

आयुष्यात पहिल्यांदाच मला सासऱ्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांचा हात खिशात गेला होता. खिशातून टाइप केलेला कागद बाहेर आला.

"सतराव्या किलोमीटरचा पूल. कठड्याखाली चीर आहे, वरून दिसत नाही. सही करा."

"बाबा, पण उद्या मी टायर बदलायला जाणार होतो. कान फार दुखतात हो! दुकानात सौम्य टायर बाजूला ठेवायलाही सांगितलेत."

"नको म्हणून कळवा." सासरे खाली उतरले, पुढच्या टायरच्या खाचेत बोट घालून त्यांनी खोली मोजली आणि समाधानानं मान हलवली. "अजून दोन वर्षं निघतील. तेवढ्यात आपले चार पूल आणि सगळा घाट उरकतो."

मी सही केली. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.