दोन मिनिटांचं आकाश

‘अप्पा, साठाव्या वाढदिवसाला हँग ग्लायडिंग बुक करू का?’ मुलीनं, साईप्रियानं, फोनवर विचारलं. मी रसमभात जेवत होतो. त्यातलं ‘हँग’ एवढंच कानात शिरलं. वाटलं, हॉलमध्ये टांगायचा झोपाळा घेतेय.

‘कर की. साखळी मात्र बळकट बघ,’ मी म्हणालो.

तर असा मी, राजगोपाल, निवृत्त हेडक्लार्क, वजन ब्याण्णव किलो (उपाशीपोटी), पुढच्या रविवारी बायको भुवनासह ओरत्तनाडूच्या पुढं, कापणी झालेल्या एका शेतात उभा होतो. आमच्या तंजावरकडे डोंगर कुठले? म्हणून माणसं बांधलेला मोठा कापडी पंख दोरीनं ओढून वर नेतात, दोरी सोडतात, आणि मग वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगायचं.

ती हवाच नव्हती. शिकवणारा प्रवीणकुमार सकाळपासून आभाळाकडं बघत होता. दुपारी म्हणाला, ‘सार, आज लिफ्ट फार वीक आहे.’

‘मग पायऱ्या नाहीत काय?’ भुवनानं विचारलं.

शेवटी तीन वाजता मला त्याच्याशेजारी पट्ट्यांनी बांधलं. दोरी ताणली, जमीन सुटली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा दोरी सुटलेली, आणि शेत भराभर वर येत होतं. दोन मिनिटं! उतरताना मी पेंढ्यात साष्टांग नमस्कार घातला.

‘झालं?’ भुवना म्हणाली. ‘मी तर अजून चष्मा पुसतेय.’

प्रवीणकुमार माझ्या पोटाकडं बघून हळूच म्हणाला, ‘हवा कमजोर असली की हलकी माणसं जास्त टिकतात. आम्मा येतील?’

भुवना नाही म्हणेल याची मला खात्री होती. पस्तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. तिनं पदर खोचला, चपला माझ्या हातात दिल्या आणि गेली.

दोरी सुटली. भुवना खाली येईना. एका घारीच्या मागोमाग तो पंख सावकाश गोल फिरत राहिला. पाच मिनिटं. आठ. अकरा. मी मान वर करून, चपला धरून उभा. एवढ्या वर, एवढीशी दिसणारी ही बाई कोण, असं वाटलं. तिला काय हवंय हे मी कधी विचारलंच नव्हतं. एकदम भीती वाटली, आणि मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत सुटलो.

ती अलगद उतरली. चेहरा असा, की मी ‘कसं वाटलं गे?’ एवढंच विचारू शकलो.

‘शांत,’ ती म्हणाली. खोचलेला पदर सोडत पुढं म्हणाली, ‘इतका वेळ कुणी हाक मारली नाही, असं पहिल्यांदाच झालं बघा.’

मी चपला तिच्या पायाशी ठेवल्या.

‘तुम्ही खालून काय ओरडत होता ओ? तोंडाशी हात दिसले, ऐकू काही आलं नाही,’ तिनं विचारलं.

‘सांभाळून, म्हणत होतो,’ मी म्हणालो.

(खरं तर विचारत होतो, काफीचा फ्लास्क कुठं ठेवलायस?)