धोंड्याचा महिना आणि लोटलेलं दार

मी फक्त स्वयंपाकघराचं दार लोटलं. घरात हे सांगून पाहिलं, कोणी ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायलाच हवेत. महिना कधी यावा हे माझ्या हातात नव्हतं, पण जेवण भर दुपारी ठेवलं ते मीच. (संध्याकाळी माझा फिरायला जायचा नेम असतो.)

मुलगी जुईली आणि जावई सोहम अमरावतीहून आले. जुईली रसासाठी बर्फ आणायला गेली. मी निवृत्त भूगोल शिक्षक. कूलरसमोर जावई सापडल्यावर गप्प कसा बसणार? कूलरची हवा आत वाया जायला नको, विजेची उधळपट्टी म्हणजे पृथ्वीवर अन्याय, म्हणून मी दार लोटलं. आतल्या एक्झॉस्ट पंख्याची घरघर माझ्या बोलण्याच्या आड येत होती, तोही आत धोंडे तळणाऱ्या माझ्या बायकोला, सरोजिनीला, बंद करायला लावला.

"सोहमराव, पृथ्वी एक-दीड अंशानं तापली म्हणजे काय, कळते का?"

"बाबा, अकोलं तं दरसालच तापते. एका अंशानं काय फरक पडते?"

"अंगात दोन अंश ताप चढला तर कामाले जाता का तुम्ही? पहिले दिवसा तापे, रात्री निवे. आता पहाटेपर्यंत भिंती गरम. शरीराले उसंतच नाही. अन् हे सोसून कोण राहिलं? मानवजात!"

मी टेबलावर हात आपटला. आत काहीतरी धपकन पडलं.

"झारा पडला वाटते," मी म्हणालो आणि हिमनद्यांकडे वळलो.

जुईली बर्फ घेऊन आली, तिनं स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि किंचाळली.

सरोजिनी ओट्याजवळ पडली होती. अंग नुसतं पेटलेलं, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे होते, पण मला ओळखेना. "जुईलीचं दप्तर भरलं का? शाळेची वेळ झाली," असं बडबडत होती. सोहमनं गॅस बंद केला, तिच्यावर माठातलं पाणी ओतलं, बर्फ ओल्या पंच्यात गुंडाळून मानेला लावला आणि तिला उचलून गाडीत नेलं. मी माझी चप्पल शोधत होतो.

"उन्हात गेल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, घरातच होती."

"घरात कुठं?"

मी दाराचं सांगितलं. डॉक्टर सलाइन लावायला वळले. त्यांनी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

वॉर्डात उन्हानं पडलेली माणसं खाटोखाट होती. शेजारच्या खाटेवर पार्बताबाई नावाची बाई होती, टिनाच्या खोलीत बसून शिवणकाम करणारी. तीही उन्हात गेली नव्हती. मी आयुष्यभर मानवजात, मानवजात करत आलो, आणि ती मानवजात माझ्याच भिंतीपलीकडे माझ्यासाठी तळण तळत होती. ही गेली तर, एवढाच विचार मनात येत होता. मी फार घाबरलो होतो.

संध्याकाळी सरोजिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पुरण झाकलं का?"

मी सगळ्यांसमोर रडलो.

घरी आल्यावर डॉक्टरांच्या हुकमानं तिला स्वयंपाकघर बंद झालं. पण महिना संपत आला होता, आणि जावई उपाशी गेला याची तिला रुखरुख होती. मी म्हणालो, धोंडे मी करतो, आणि जुईली-सोहमला पुन्हा बोलावून घेतलं. सूर्य उगवायच्या आत, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून तळायला बसलो. काही फुटले, काहींनी पुरण तेलात सोडलं, उरलेले काळे झाले. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि हे काम ती इतकी वर्षं करत आली, याची मला लाज वाटत होती.

ऊन उतरून अंधारून येताना गच्चीवर पानं मांडली. सोहमनं धोंडा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, मग आदरानं माझ्याकडे बघितलं. जुईली दिवा लावायला उठली.

सरोजिनीनं तिचा हात धरला. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"राहू दे वो माय दिवा. सोहमराव, अंधार आहे तंवर खाऊन घ्या."