एकसष्ट सुपाऱ्या

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी ठरवलं, की ज्ञानूचं एक गणित आपण स्वतः करून बघायचं.

ज्ञानू म्हणजे माझी ज्ञानेश्वरी, पाचवीत आहे. पुढच्या शनिवारी तिची नवोदयची प्रवेश परीक्षा. माझं शिक्षण सातवीत थांबलं, तिचं थांबू नये एवढीच इच्छा. म्हणून परीक्षा तिची आणि उजळणी माझी.

गणित असं: काही लाडूंचे चार-चारचे, पाच-पाचचे किंवा सहा-सहाचे वाटे घातले तर दर वेळी एक उरतो. कमीत कमी लाडू किती?

ज्ञानूने अर्ध्या मिनिटात एकसष्ट लिहिलं. झटपट मिळालेल्या उत्तराची मला भीती वाटते. (ही भीती लग्न ठरतानाच वाटायला हवी होती, पण ते जाऊ दे.) घरात एकसष्ट लाडू नव्हते, सुपाऱ्या होत्या. मोजून पडवीत ओतल्या.

चार-चारचे पंधरा वाटे झाले, एक उरली. सासूबाईंनी ती उचलून देवापुढे ठेवली. "उरली ती देवाची गो." वाडीतल्या सुपारीचे वाटे घालताना आमच्याकडे हे नेहमीचंच, त्यामुळे मी बघितलं आणि पुढच्या कामाला लागले.

पाच-पाचचे बारा वाटे. उरलं काही नाही. सहा-सहाचे दहा. तेव्हाही नाही.

"खोड ते एकसष्ट," मी म्हटलं.

"आई, शेवटी शून्य नाही, पाच नाही. पाचाने भाग जाईल कसा?"

"तो नियम मलाही माहीत आहे. सुपाऱ्यांना माहीत नाही."

दुसऱ्या मुलांचं नुकसान नको, म्हणून मी क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: '६१ ला ५ ने आणि ६ ने पूर्ण भाग जातो. स्वतः सुपाऱ्या मांडून बघितलं आहे.' अडतीस पालक. अंगठ्यांची रांग लागली. समरीनने लिहिलं, 'थँक्यू ताई, आमच्या अमनला खोडायला लावलं.'

क्लास घेणाऱ्या सुजय सरांनी लगेच लिहिलं की हे चूक आहे. त्यांना तिघांनी उत्तर दिलं, 'सर, तुम्ही पुस्तकातलं सांगता. नम्रताताईंनी हाताने केलंय.'

सरांचा फोन आला. "ताई, सुपाऱ्या परत मोजा."

साठ भरल्या. मी आधी मांजराकडे बघितलं. ज्ञानूने देवाकडे.

"आजी, ती सुपारी दे ना."

"देवाला दिलेली परत घेतात काय गो?"

शेवटी शेजारून एक मागून आणली. ज्ञानूने पाच-पाचचे वाटे घातले, एक उरली, आणि सासूबाई उठल्या.

"आई, आजीला धर," ज्ञानू म्हणाली.

मी धरलं. एकसष्ट बरोबर होतं. माफी लिहायला फोन उघडला, तर सरांनी मला ग्रुपमधून काढलेलं. समरीनचा नंबर होता, तिला कळवलं. ती म्हणाली, "ताई, आता परत खोडलं तर वहीला भोक पडेल." बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, आणि सरांचं कुणी ऐकत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून विनंती. रत्नागिरीत पाचवीतलं कुणी पोर भेटलं, तर त्याच्या आईला एवढं सांगा, की एकसष्टला पाचाने भाग दिला की एक उरतो. कोण म्हणतं असं विचारलं, तर ज्ञानेश्वरी म्हणते म्हणून सांगा. माझं नाव काढू नका. कुणाची आई परत सुपाऱ्या घेऊन बसायची.