पाचशे एकावी खुर्ची

अंदाजपत्रक करायला बसले की करीमचाचा आधी चष्मा काढतात, मग डोळे मिटतात. कचेरीत नवा होतो तेव्हा मला वाटलं, हेडक्लार्क झोपले. मी हळूच पंखा वाढवला. डोळे न उघडता ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, पंखा कमी कर. मंडप हलून राहिला."

राज्याच्या वर्धापन सोहळ्यासाठी वर एक समिती नेमली होती. आमच्याकडे कार्यक्रम घ्यायचा तर सरकारला किती खर्च येईल, हे तिला आठ दिवसांत हवं होतं. घरातला मी पहिला पदवीधर. असलं काम मला कोण शिकवणार? चाचांनी शिकवलं. न झालेल्या कार्यक्रमात फाटकातून शिरायचं, सावकाश चालायचं, पायाला लागेल ते लिहायचं.

"आधी बघायचं, मंग लिवायचं. बराबर?"

त्या दुपारी ते फाटकातून शिरले. मी लिहीत गेलो. कमान, सतरंज्या, पाण्याचे जार, सदस्यांचा प्रवासभत्ता, हार, शाली. एका शालीचा रंग त्यांना पसंत पडला नाही, ती बदलली. भाषणं सुरू झाली तशी त्यांनी जांभई दिली आणि चहाचे पन्नास कप वाढवायला सांगितले. शेवटी आवाज उतरला. "लिंबाखाली खुर्ची. हाताची. नग एक."

आवारातल्या कडुलिंबाखालची ही खुर्ची त्यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकात असते आणि साहेब ती प्रत्येक वेळी लाल शाईनं खोडतात. यंदाही खोडली. पाचशे खुर्च्या असताना ही वेगळी कुणासाठी, असं विचारलं. चाचा नुसते "लागते, साहेब" म्हणाले.

जागेवर आल्यावर मीही तेच विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. मग सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात ते पाहुण्यांना चहा देत होते. लेकाला बघायला त्यांची आई गावाहून, जवळा बाजारहून, न सांगता आली आणि लिंबापलीकडं कुंपणाशी उन्हात उभी राहिली. यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"जुनं लुगडं होतं अंगावर. सायबासमोर कसं म्हणू, अम्मा हाय म्हणून? सांजच्याला घरी गेलो तर म्हणली, भोत अच्छा दिख रहा था रे तू."

आता त्या नाहीत. माझी आई अजून कचेरीत आलेली नाही. मी तिला कधी बोलावलेलंही नाही.

स्वच्छ प्रत टाइप करताना मी पाचशे खुर्च्यांच्या पाचशे एक केल्या. साहेबांनी आकडा वाचला, शुभ आहे म्हणाले आणि सही केली.

प्रत चाचांपुढं ठेवली. त्यांनी त्या आकड्यावर बोट टेकवलं, माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला आणि डोळे मिटले. पंखा मी आधीच कमी केला होता.

ते फाटकातून लिंबापर्यंत पोचले असतील, असं वाटल्यावर मी हळूच विचारलं, "अम्मा बसल्या का?"

"व्हय," चाचा म्हणाले. "चहा घेऊन राहिली."