सपाट डोक्याची जोडी

"आज तोंड उघडायचं ते फक्त पोहे खायला," रिक्षातून उतरता उतरता लीलाबाईंनी लेकाला पुन्हा बजावलं.

"आई, मी कशाला बोलतोय?"

"मागच्या वेळी कोण बोललं? मुलीचे मामा म्हणाले, आकाशाचा रंग पडतो म्हणून समुद्र निळा. पडू दे की मेल्या! तुझं काय जात होतं?"

जात होतं ते स्थळ. पाणी लाल रंग कसा शोषून घेतं, हे उन्मेषने मामांना चहा निवेपर्यंत समजावलं होतं, आणि नकार मायलेकांच्या आधी घरी पोचला होता. त्याचं त्याला दुःख नव्हतं. पण आजचं स्थळ मोडून चालणार नव्हतं. भार्गवीला त्याने पेट्रोल पंपावर पाहिलं होतं. बंद पडलेल्या स्कूटीचा प्लग काढून ती तो ओढणीने पुसत होती. एम.एस्सी. झालेला उन्मेष त्या दिवसापासून आईला स्वतःहून स्थळं सुचवायला लागला. म्हणजे एकच.

भार्गवीच्या वडिलांचं, देवदत्तरावांचं घर पावस गावाच्या रस्त्याला, हापूसच्या बागेत होतं. अंगणात शिरताच उन्मेष थबकला. पडवीलगतच्या पत्र्याखाली एक लांब नाकाची, लालभडक गाडी उभी होती. जगातले शौकीन या गाडीवरून कसे भांडतात, ते तो रोज संध्याकाळी सायबर कॅफेत बसून वाचत असे.

"डॅटसन दोनशे चाळीस झेड!" त्याच्या तोंडून निघून गेलं.

देवदत्तराव खुलले. "ओळखलंत? सन एकाहत्तर! आमच्या शेजारच्या युसुफभाईंनी कुवेतहून बोटीने आणली, त्यांच्याकडून मी घेतली. एक स्क्रू बदललेला नाही हो!" त्यांनी खटकन बॉनेट उघडलं. "हे बघा, दोन दोन कार्बोरेटर. एकदम ओरिजिनल!"

उन्मेषने वाकून पाहिलं, मग चष्मा नीट करून पुन्हा पाहिलं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा कालवून देणारी ती दोन भांडी, त्यांची डोकी सपाट होती. एकाहत्तरच्या गाडीला घुमटासारख्या गोल डोक्याची जोडी असते. सपाट डोकी त्यानंतर आली.

आईकडे एक नजर टाकून तो सरळ उभा राहिला.

"काय, गप्प झालात?" देवदत्तराव म्हणाले. "ओरिजिनल म्हटलं मी."

"हो, म्हणजे... छान आहेत."

"छान काय? ओरिजिनल म्हणा की!"

लीलाबाईंनी चपलेने लेकाचा पाय दाबला. तो दाबलेलाच असताना उन्मेष म्हणाला, "छान आहेत. फक्त एकाहत्तरचे नाहीत."

देवदत्तरावांनी मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

"त्याच्या डोळ्यांना नंबर आहे हो," लीलाबाई घाईने म्हणाल्या.

"नंबर चष्म्यात आहे, आई. हे नंतरच्या मॉडेलचे आहेत. डोक्यावरून कळतं."

"कोणाच्या डोक्यावरून?" देवदत्तरावांचा चेहरा गाडीशी जुळायला लागला. "मी ही गाडी घेतली तेव्हा तुम्ही पाळण्यात होतात. थांबा, आणणाऱ्यालाच विचारू. युसुफभाई! ओ युसुफभाई!" ते तरातरा दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याकडे गेले.

लीलाबाई पायरीवर बसल्या. "गेलं. हेही गेलं."

तेवढ्यात भार्गवी पोहे घेऊन बाहेर आली. लीलाबाईंना एक बशी देऊन ती दुसरी घेऊन थेट उन्मेषपाशी आली, आणि ओठ न हलवता म्हणाली, "बास करा आता."

"पण खरंच ते..."

"मला माहितीये. मीच बदललेत."

उन्मेषचा चमचा बशीत पडला.

"बाबा मुंबईला गेले होते तेव्हा गाडी आरे-वारेच्या किनाऱ्याला फिरवून आणली. मग साफ करायला कार्बोरेटर उघडले, आणि एकाचं डोकं जोत्यावरून पडून चेपलं. युसुफचाचांच्या मुलाने, उमेरभाईने, दुबईच्या भंगारातून हे पाठवले. बसवले मी. बाबा बॉनेट उघडतात, आत कुठे बघतात? पण चाचांना सगळं ठाऊक आहे, आणि ते खोटं बोलायचे नाहीत. आज कळलं तर स्कूटीची किल्लीसुद्धा जाईल माझी."

ती बोलत होती तोवर युसुफचाचा लुंगी सावरत आलेच. "काय झाला, देवदत्तभाऊ?"

"हे बघा आणि या शास्त्रज्ञांना सांगा. तुम्ही आणलेत ते हेच ना?"

चाचांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, लावला. इंजिनावर वाकले. मग त्यांनी मान वर करून भार्गवीकडे पाहिलं. ती हातातला ट्रे छातीशी धरून त्यांच्याकडेच बघत होती. चाचांनी खाकरून घसा साफ केला.

"आता खरा सांगायचा तर..."

"माझं चुकलं!" उन्मेष इतक्या जोरात ओरडला की आंब्यावरचे कावळे उडाले. "वर्षाचा घोळ झाला माझा. ही डोकी... बरोबर आहेत." मग डोळे मिटून त्याने पुढचा शब्द उच्चारला. "ओरिजिनल."

लीलाबाई उठून आल्या आणि त्यांनी लेकाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मग मला कशाला बोलावलात?" चाचांनी सुटकेचा श्वास टाकत चष्मा खिशात घातला. "चाय ठेव गो, भार्गवी."

देवदत्तराव उन्मेषकडे बघतच राहिले. "शिकलेला माणूस, आणि चूक कबूल करतो! लीलाताई, आमच्याकडून होकार. काय गो?"

भार्गवीने मान डोलावली. उन्मेषला पहिल्यांदाच पोह्यांची चव लागली.

"आणि ऐका," देवदत्तरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या महिन्यात पुण्याहून जुन्या गाड्यांच्या क्लबचे परीक्षक येतायत. सगळं अस्सल निघालं तर गाडीवर लावायला पाटी देतात. त्यांच्याशी तुम्हीच बोलायचं. त्याच दिवशी साखरपुडा उरकू!"

उन्मेषला ठसका लागला. परीक्षक कसा असेल हे त्याला नेमकं ठाऊक होतं. तो थेट त्याच्यासारखाच असणार होता.

भार्गवीने रिकामी बशी उचलली आणि त्याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं.

"महिना आहे," ती हळूच म्हणाली. "गोल डोक्याचे तुम्ही शोधा. बसवायचं काम माझ्याकडे."