फुलाचं तिकीट

आमचे देवाजीभाऊ लग्नाच्या पंगतीत बसले की वाढपी त्यांच्या पानासमोरून जरा घाईनंच पुढे सरकतात. भात वाढला की भाऊ विचारणार, "हा कुठी चढला?" मूल गावच्या गिरणीतला, असं कुणी सांगितलं तरी सुटका नाही. "गिरणी तं मधला स्टॉप झाला. वावर कोनाचं?" वावराचा पत्ता लागेपर्यंत मागच्यांचं वरण थंड होतं.

खोड जुनीच आहे. भाऊ नोकरीभर गडचिरोली-धानोरा गाडीवर कंडक्टर होते. मी कॉलेजला त्याच गाडीनं जायचो. उन्हाळा लागला की खिडकीतून मोहफुलांचा गोड, डोकं जड करणारा वास आत यायचा, आणि भाऊ गर्दीतून वाट काढत प्रत्येकाला विचारत यायचे, "कुठी चढला? कुठी उतरनार?" ती गाडी, तो वास आणि तो आवाज आठवला की मला अजून घर सोडून निघाल्यासारखं वाटतं. आता मी गावातच मास्तर आहे, तरीही.

रिटायर झाल्यावर हा माणूस करणार काय, ही काळजी पुण्याच्या एका चॉकलेट कंपनीनं मिटवली. आमच्या गावच्या बायकांनी वेचलेली मोहफुलं ते चॉकलेटात घालतात. अट एकच, प्रत्येक झाड वेचणारीच्या नावासकट मोबाइलच्या नकाशावर हवं. चॉकलेटच्या कागदावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरला की खाणाऱ्याला ते झाड दिसतं. भाऊंना हे समजावून सांगावं लागलंच नाही.

"म्हन्जे फुलाले तिकीट द्याचं," ते म्हणाले.

मग भाऊ फोन छातीशी धरून जंगलभर हिंडले. उपग्रह सापडेना की आभाळाकडे बघून विचारत, "काऊन बाप्पा, झोपून राह्यला का?" झाडाखाली उभं राहून ठिपका टाकायचा आणि बुंध्यावर दोन थापा मारून पुढे निघायचं. गाडी सोडायच्या डबल बेलची सवय, दुसरं काय. दोन झाडांची फुलं एका टोपलीत आणली म्हणून सख्ख्या बहिणीला त्यांनी परत पाठवलं. "बिगर तिकिटाचं फूल आपल्या गाडीत चालत नाई." ती बरेच दिवस बोलत नव्हती.

पहिलं चॉकलेट आलं तेव्हा भाऊंनी ते खाल्लंच नाही. आधी खुणेवर फोन धरला. नाव उमटलं, 'शांताबाई, बांधावरचा मोहा'. शांताबाई म्हणजे त्यांची बायको. ती शेजारीच बसली होती. "मी इथून हालत नाई, अन् माहं नाव पुण्याले जाऊन आलं," असं म्हणून पदर तोंडाला लावून हसली.

त्याच पावसाळ्यात शांताबाई गेल्या. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी, फुलं लागायच्या आधीच, वादळात बांधावरचं झाडही पडलं.

त्या उन्हाळ्यात फुलं वेचून झाल्यावर कंपनीची एक मुलगी तपासणीला येणार होती. एक जरी ठिपका खोटा निघाला तरी गावाचा सगळा माल परत. आदल्या संध्याकाळी भाऊ माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"मास्तर, गाडीत एक खोटा पॅसेंजर हाय."

पडलेल्या झाडाचा ठिपका त्यांनी काढलाच नव्हता. आपल्या दुसऱ्या झाडांची फुलं ते रोज थोडी शांताबाईंच्या नावावर घालत होते.

"चाकलेटवर नाव येते, मंग तिकडं कोनी तरी वाचते, शांताबाई. इथी आता तिले कोन हाक मारते?"

पण बायकांच्या मेहनतीचा प्रश्न होता. "भाऊ, सगळ्यांचा माल परत येईल," मी म्हणालो.

"माहीत हाय. म्हनून तं आलो."

सकाळी त्यांनी त्या मुलीला सगळ्यात आधी बांधावरच नेलं. खोडाचं थोटूक दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं वाकून थोटूक पाहिलं, फोनवरचा ठिपका ताडून पाहिला. मग म्हणाली, "काका, तुम्ही आपणहून सांगितलंत, म्हणून फक्त या नावाची पोती बाजूला ठेवू. बाकीचा माल मी तपासून घेते. ठिपका मात्र तुम्हीच काढा."

भाऊंचा अंगठा फोनवर अडला.

"शांते," ते हळूच म्हणाले, "उतर वो आता. सावकाश उतर."

ठिपका गेला. म्हाताऱ्या माणसाला गाडीची पायरी उतरायला लागतो तेवढा वेळ ते तसेच उभे राहिले. मग थोटकावर दोन थापा मारल्या आणि पुढच्या झाडाकडे निघाले.