सात श्रीखंडांची स्वारी आणि पहिल्या पंक्तीची हकीकत

श्रीअन्नपूर्णा सुप्रसन्न, आणि तिच्या शेगडीवरील अग्नी मंद आचेवर कायम असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, विजयादशमीचे दिवशी जे वर्तमान जाहले ते समक्ष पाहिल्याप्रमाणे लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास ते श्रीखंडाचे अंमलाखाली घडले, सबब माफी असावी.

तिसऱ्या मजल्यावर एक राज्य होते. मुलूख म्हणावा तर तीन खोल्या आणि एक गॅलरी, परंतु वर्षास एकदा, दसऱ्यास, सात घरची सतरा माणसे तेथे जेवावयास येत आणि चपलांनी जिना भरून जाई. राज्याचे धनी मुकुंदराव, स्वभावे गरीब, वर्तमानपत्र वाचण्यात निपुण. आणि राज्य खरे चालविणार त्यांचे कुटुंब वैजयंतीबाईसाहेब. बावीस वर्षे रिवाज ऐसा की, मंडळी पंक्तीस बसावी, बाईसाहेबांनी कढईपाशी उभे राहावे, आणि पुरी फुगली की ताटात जावी, आणि नको नको म्हणणारास आणखी दोन पडाव्या, आणि सर्वांचे हात धुवून झाले, बडीशेप फिरली, म्हणजे मग बाईसाहेबांनी ओट्यापाशी उभ्यानेच गार भाताचे चार घास घ्यावे. ऐसे चालता गेल्या दसऱ्यास तेही चार घास राहून गेले, आणि संध्याकाळी आपट्याची पाने वाटता वाटता बाईसाहेबांस घेरी आली. डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि पुसिले की, बाई आज काय जेवलात? तेव्हा ज्या घरी सतरा माणसे पोटावर हात ठेवून लोळत होती, त्या घरची धनीण उपाशी निघाली. मुकुंदरावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. आम्हांसही जाहले, कारण त्या दिवशी अकरा पुऱ्या आमच्या होत्या.

मग यंदा नवरात्र बसताच बाईसाहेबांनी मोबाइलावरील घरच्या गटात फर्मान सोडिले की, "यंदा मी पहिल्या पंक्तीला बसणार आणि गरम जेवणार. हे जमलं तर ठीक, नाही तर ही शेवटची पंगत." बाईसाहेब बोलतात ते करतात, हे सर्वांस ठाऊक, त्यामुळे सातही घरांचे धाबे दणाणले. तह ठरला तो ऐसा की, बाईसाहेबांनी फक्त वरणभात करावा आणि प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणावा. मुकुंदरावांनी हळूच अर्ज केला की, कोणी काय आणावे याची यादी धाडावी. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या की, पाहुण्यांस का अमुकच आणा म्हणून सांगायचे, ते बरे दिसते का? आणि मुकुंदराव यादी सोडून वर्तमानपत्राकडे वळले. घात जाहला तो येथे, परंतु तेव्हा कोणास कळले नाही.

दसऱ्याचे दिवशी दुपारी बारा वाजता पहिली स्वारी आली ती अक्कासाहेबांची. या मुकुंदरावांच्या थोरल्या भगिनी, करड्या, बावीस वर्षांत भावजयीच्या हातचे मीठ एकदाही बरोबर न म्हणालेल्या. त्यांनी टेबलावर डबा ठेविला, घरी चक्का टांगून केलेले केशरी श्रीखंड. वाहवा जाहली. मग दुसरे घर आले, आम्रखंड. मग तिसरे आले, श्रीखंड वेलदोड्याचे. चौथ्याचा डबा उघडला तेव्हा मुकुंदराव खुर्चीवर बसले. शेजारचे परेरासाहेब डेअरीवाल्याच्या सल्ल्याने किलोभर श्रीखंड घेऊन आले आणि वर अभिमानाने बदाम पसरलेले. चौकशी करता सर्वांचा जबाब एकच पडला की, दसऱ्यास भाजी घेऊन जाणे बरे दिसत नाही, सणाला गोडच न्यावे, भाजीपुरी काय, दुसरे कोणी आणतीलच. सातवा डबा प्रस्तुत लेखकाचा होता, यापेक्षा अधिक लिहवत नाही.

टेबलावर सात श्रीखंडे, गॅसवर वरणभात, आणि पुरी एकही नाही. बाईसाहेब आधी खो खो हसल्या, सर्व मंडळी हसली, आणि मग त्यांनी मुकाट पदर खोचला, फडताळातून परात ओढिली आणि कणकेच्या डब्यास हात घातला. हसणे जागीच थांबले. बावीस वर्षांची सवय ती, पाय आपले आपण कढईकडे निघाले होते, आणि ही शेवटची पंगत हे आम्ही सर्व समजून चुकलो, आणि एकही शूर जागचा हलला नाही.

तेव्हा अक्कासाहेब उठल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी चालून गेल्या आणि परात काढून घेतली आणि बोलिल्या, "वैजू, ताटावर बस. कढई आज माझी."

बाईसाहेब म्हणाल्या, "वन्सं, तुमचे गुडघे दुखतात."

"दुखू देत. बावीस वर्षं तुझ्या पुऱ्या नावं ठेवत खाल्ल्या, तुला एक वाढली नाही."

मुकुंदरावांनी बाह्या सारून कणीक भिजविली, ती आधी पातळ जाहली, मग दगड जाहली, मग कशीबशी कणीक जाहली. परेरासाहेबांनी लाटणे घेतले आणि पुऱ्या लाटिल्या, त्यांत गोल एकही नव्हती, परंतु कढईत पडताच सगळ्या फुगल्या. आम्ही वाढप पत्करले. आणि बाईसाहेब पहिल्या पंक्तीस, खिडकीजवळच्या पाटावर, हात कोठे ठेवावा हे न कळून अवघडून बसल्या. अक्कासाहेबांनी पहिली पुरी झाऱ्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकिली. बाईसाहेबांनी ती मोडिली, वाफ निघाली, बोट पोळले, तरी केशरी श्रीखंडास लावून घास घेतला.

मग म्हणाल्या, "आपल्या घरी पुरी इतकी गरम असते, मला माहीतच नव्हतं."

मुकुंदराव परातीत पाहू लागले. अक्कासाहेबांनी कढईकडे तोंड फिरविले आणि धूर फार होतो म्हणून पदराने डोळे पुसले, धूर बिलकूल नव्हता. मग त्यांनी आणखी दोन पुऱ्या आणून वाढिल्या, बाईसाहेब नको म्हणाल्या तेव्हा तिसरीही वाढिली, आणि म्हणाल्या की, वरणात मीठ बरोबर पडलंय आज.

एवंच, सात श्रीखंडे आली, तीन सरली, चार आल्या घरी परत गेली. पुढील दसऱ्याची यादी मुकुंदरावांनी तेथेच बसून लिहिली, श्रीखंड एका घराकडे, पुऱ्या अक्कासाहेबांकडे, आणि बाईसाहेबांच्या नावापुढे फक्त "जेवणे" इतकेच. ती यादी त्यांस दाखविली, परंतु त्यांनी वाचली नाही. त्यांच्या ताटात गरम पुरी होती.